सोंगातले भाकीत : खेळ, कौल आणि कथानक

छत्तीसगढात अक्षय्य तृतीयेला ‘अक्ती’ म्हणतात. हा सण जवळ आला की रायपूरच्या गोलबाजारात मातीचे पुतरा-पुतरी विकावयास येतात. मुले त्यांचे लग्न लावतात. मांडव पडतो, हळद लागते, वरात निघते आणि घरची वडीलधारी माणसेही वरपक्ष-वधूपक्ष होऊन त्या लग्नात गंभीरपणे वावरतात. त्याच दिवशी खेड्यांतून पानांच्या द्रोणांत घरोघरचे धान ठाकुरदेवापुढे आणले जाते आणि बैगा त्याची लाक्षणिक पेरणी करतो. येणाऱ्या खरिपाची ती नांदी असते. एकीकडे निव्वळ खेळ आणि दुसरीकडे वर्षाच्या भवितव्याची काळजी. पण रीत दोन्हीकडे एकच. जे पुढे मोठ्या प्रमाणावर घडावयाचे, ते आधी लहान प्रमाणावर करून पाहावयाचे. खेळ आणि भाकीत यांचे हे नाते आपल्याकडे इतके अंगवळणी पडलेले आहे की त्याची स्वतंत्र चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही.

ती चिकित्सा करण्यास एक नवे निमित्त मात्र उपलब्ध आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला आणि मेजाभोवती बसून खेळावयाच्या भूमिका-खेळांचा एक नवा प्रकार रूढ झाला. यात पट दुय्यम असतो. चार-पाच जण एकेका पात्राची भूमिका घेतात, एक जण खेळचालक होतो, आणि सर्व मिळून बोलता बोलता एक कथा रचतात. जेथे परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. म्हणजे अंशतः कथाकथन, अंशतः नाटक आणि अंशतः द्यूत असा हा संकर आहे. अशा खेळात एखादा ज्योतिषी, एखादी पत्ते वाचणारी म्हातारी येते आणि पात्रांचे भविष्य सांगते, तेव्हा साहित्यशास्त्राच्या दृष्टीने मोठा विलक्षण प्रसंग उभा राहतो. व्यवहारात भाकितास तीन पक्ष असतात : विचारणारा, सांगणारा आणि काळ. पहिले दोघे काहीही म्हणोत, निवाडा तिसरा करतो. खेळात हा तिसरा पक्ष मेजाशीच बसलेला असतो. उद्या काय होणार हे खेळचालकाच्या हाती आहे, आणि ज्योतिषाच्या तोंडून बोलणाराही तोच आहे. मग त्या भाकितास अर्थ तो काय उरला? खरे करून दाखवले तर ती मनमानी, आणि खोटे पाडले तर ती फसवणूक.

या पेचातून काढलेली सर्वांत कुशल वाट १९८३ साली ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांनी लिहिलेल्या ‘रेव्हनलॉफ्ट’ या साहसकथेत सापडते. एका शापित किल्ल्यात स्ट्राड नावाचा रक्तपिपासू सरदार राहतो. त्याच्याशी सामना करण्यापूर्वी पात्रांना एक भटकी म्हातारी भेटते व ती त्यांच्यापुढे पत्ते मांडते. २०१६ साली ‘कर्स ऑफ स्ट्राड’ या नावाने या कथेची जी विस्तृत आवृत्ती निघाली, तीत या पत्त्यांचा जोड ५४ पानांचा आहे. त्यातील ४० पाने सामान्य व १४ पाने श्रेष्ठ मानली आहेत. सामान्य पानांतून तीन आणि श्रेष्ठांतून दोन अशी पाच पाने उलटली जातात. पहिली तीन पाने तीन मौल्यवान वस्तू कोठे दडलेल्या आहेत ते सांगतात, चौथे पान कोण साह्यकर्ता भेटेल ते, आणि पाचवे पान शत्रूशी अखेरची गाठ कोठे पडेल ते. प्रत्येक पानाचे गूढ वाक्य ग्रंथात आधीच लिहून ठेवलेले आहे.

आता यातील खुबी पाहावी. पान उलटण्याच्या क्षणापर्यंत तलवार कोठे आहे हे खेळचालकालाही ठाऊक नसते. पान उलटते, तो ते गूढ वाक्य वाचतो, आणि त्याच क्षणी तलवार त्या जागी जाऊन बसते. येथे भाकीत वस्तुस्थितीचा माग काढीत नाही, वस्तुस्थितीच भाकिताच्या मागून येते. म्हातारी कधी चुकू शकत नाही, कारण तिच्या बोलण्यातूनच ते जग आकार घेते. मांडणीचा क्रम लक्षात घेतला तर पाच पानांच्या १,०७,८८,९६० मांडण्या संभवतात. तेव्हा एकच ग्रंथ घेऊन खेळणाऱ्या दोन मंडळींच्या वाट्याला एकच भविष्य येण्याचा संभव नगण्य आहे. शिवाय खेळचालक अन्यायाच्या आरोपातून सुटतो. दैव त्याने रचलेले नसते, त्याने ते केवळ वाचून दाखवलेले असते. खेळाडूंचेही स्वातंत्र्य राखले जाते. काय कोठे आहे एवढेच त्यांना सांगितले आहे. जावयाचे की नाही, आणि गेल्यावर काय करावयाचे, हे त्यांचे त्यांच्याकडेच राहते.

हे सर्व पश्चिमेने नव्याने शोधून काढले असे समजण्याचे कारण नाही. फासा हे एकाच वेळी द्यूताचे आणि प्रश्नविद्येचे साधन असणे ही आपल्याकडची फार जुनी गोष्ट आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात (१०.३४) जुगाऱ्याला झिंग आणणारे फासे विभीदकाचे, म्हणजे बेहड्याच्या फळांचे, आहेत. छत्तीसगढच्या जंगलांत हा बेहडा आजही विपुल आहे. राजसूयात राजाच्या हाती पाच अक्ष दिले जात. तेथे द्यूत हा राज्याच्या भवितव्याचा विधी होता. कृत, त्रेता, द्वापर, कली ही डावांची नावेच युगांना मिळाली. नलाख्यानात कली नलाच्या देहात शिरतो, तर द्वापर फाशांत. आणि ऋतुपर्ण राजा नलाला अक्षहृदय शिकवतो तेव्हा कली नलाला सोडून बेहड्याच्याच झाडात जाऊन बसतो. १८९० साली कुचा येथे हॅमिल्टन बॉवर यांच्या हाती जे हस्तलिखित पडले व ज्याचे संपादन हर्न्ले यांनी केले, त्यात फाशांवरून प्रश्न पाहण्याची दोन प्रकरणे आहेत. चार अंकांचा फासा तीनदा टाकला की ६४ डाव होतात, व त्या त्या डावास त्याचे त्याचे फलकथन जोडलेले असते. गर्गाच्या नावावर चालणाऱ्या ‘पाशककेवली’ची पद्धतही हीच. तयार वाक्यांचा संग्रह आणि त्यातून एक निवडणारी यदृच्छा हीच रचना ‘रेव्हनलॉफ्ट’मध्ये पुन्हा दिसते.

तथापि रायपूरच्या वाचकास याहून जवळचे उदाहरण घरातच सापडेल. गोरखपूरच्या गीता प्रेसने छापलेल्या रामचरितमानसाच्या आवृत्त्यांत ‘रामशलाका प्रश्नावली’ नावाचे एक कोष्टक असते. मानस-मंडळींच्या या प्रदेशात ते न पाहिलेला माणूस विरळाच. नागपूरच्या भोसल्यांचा अंमल छत्तीसगढात १७४१ नंतर आला व १८५४ साली इंग्रजांनी ते राज्य खालसा केले. त्या काळापासून येथे रुजलेल्या मराठी कुटुंबांनाही ज्ञानेश्वरीइतकाच मानस परिचयाचा झालेला आहे. खुद्द तुलसीदासांचा ‘रामाज्ञाप्रश्न’ हा ग्रंथ तर शकुन पाहण्यासाठीच रचलेला आहे. सात सर्ग, प्रत्येकात सात सप्तके व प्रत्येक सप्तकात सात दोहे, असे एकूण ३४३ दोहे आणि त्यांत रामकथा, अशी ही रचना आहे. पण लोकांत रुळली ती शलाकाच.

शलाकेचे गणित साधे पण सुबक आहे. पंधरा आडव्या व पंधरा उभ्या ओळींची मिळून २२५ घरे होतात. प्रश्नकर्त्याने रामाचे स्मरण करून डोळे मिटून एका घरावर बोट ठेवावयाचे, ते अक्षर टिपावयाचे आणि तेथून प्रत्येक नववे घर घेत जावयाचे. कोष्टक संपले की पुन्हा आरंभापासून मोजावयाचे. २२५ ला ९ ने निःशेष भाग जात असल्यामुळे पंचवीस घरे झाली की बोट मूळ घरी परत येते आणि एक चौपाई पूर्ण होते. घरे २२५ असली तरी उत्तरे नऊच, आणि प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीस घरे, म्हणजे प्रत्येक उत्तराची शक्यता अगदी समान. नऊंपैकी पाच उत्तरे अनुकूल आहेत. चार शंका घ्यावयास, थांबावयास किंवा देवावर सोपवावयास सांगतात. निखळ नकार जवळजवळ नाहीच. ज्याने कोणी हे कोष्टक योजले त्याला माणसाचा स्वभाव पुरता ठाऊक होता, यात संशय नाही.

परंतु शलाकेचे खरे मर्म गणितात नाही. निघालेली चौपाई हे स्वतंत्र सुभाषित नसते. ती मानसातील एका प्रसंगाचा तुकडा असते. एक उत्तर म्हणजे गौरीपूजनास आलेल्या सीतेला गौरीने दिलेला आशीर्वाद आहे. एक विश्वामित्राने पुष्पवाटिकेतून परतलेल्या राम-लक्ष्मणांना दिलेला आहे. एक हनुमंताच्या लंकाप्रवेशातील आहे. एक रावणाच्या प्रेतापाशी विलाप करणाऱ्या मंदोदरीच्या तोंडचे आहे. अर्थातच ते प्रतिकूलांत गणले जाते. आणि ज्या उत्तराने सारे रामावर सोपवले जाते, ते सती रामाची परीक्षा पाहावयास निघून गेल्यावर शिवाच्या मनात आलेले आहे. मुलीच्या लग्नाचा प्रश्न घेऊन बसलेल्या बाईच्या बोटाखाली गौरीचा आशीर्वाद आला, तर तिला ‘होय’ एवढेच उत्तर मिळत नाही. घटकाभर ती सीतेच्या जागी उभी राहते, आणि तिच्या घरातला पाहुण्यांचा होकार-नकार धनुर्भंगाच्या पूर्वसंध्येचा होतो. शलाका तिला कथेत एक भूमिका देते. भूमिका-खेळातील खेळाडू आधी पात्र होतो आणि मग त्याला भविष्य सांगितले जाते. येथे क्रम उलटा आहे : भविष्याने माणसाला पात्र केले आहे.

या भेदामुळे दोन्हींचे सामर्थ्यही निराळे ठरते. ‘रेव्हनलॉफ्ट’च्या पानातून नवी कथा निर्माण होते, शलाकेत कथा कायम असून फक्त प्रश्नकर्त्याची जागा ठरते. पहिल्यात उत्कंठा अधिक, दुसऱ्यात धीर अधिक. जे खेळचालक आपल्या खेळात भाकीत आणताना केवळ पुढे काय घडणार याची सूचना देतात, त्यांचे भाकीत फिके पडते याचे कारण येथे सापडावे. ‘तुम्ही पूर्वेच्या खिंडीत जखमी व्हाल’ असे सांगितले की खेळाडू पश्चिमेकडे वळतात, आणि चालकाला एक तर खिंड पश्चिमेस उचलून न्यावी लागते किंवा भाकीत गिळावे लागते. उलट ‘तू ज्याला भाऊ म्हणशील त्याच्याशी तुला लढावे लागेल’ असे भाकीत कोणत्याही दिशेस गेले तरी खेळाडूबरोबर चालत राहते. त्या क्षणापासून ‘भाऊ’ हा शब्द उच्चारताना त्याची जीभ अडखळते. भाकिताने घटना सांगू नये, नाते सांगावे, असे म्हणता येईल.

रायपूरमध्येच १९२३ साली जन्मलेल्या हबीब तन्वीर यांच्या ‘चरणदास चोर’ (१९७५) या नाटकात हे तत्त्व विशेष स्पष्ट दिसते. विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवर आधारलेले हे नाटक नाचाच्या कलावंतांबरोबर, त्यांच्या उत्स्फूर्त संवादांतून आणि कार्यशाळांतून घडले. नाचात संहिता हा पाया नसतो. कलावंत आपापली भूमिका घेऊन उभे राहतात व बोलता बोलता प्रसंग रचतात. या अंगाने मेजावरचा भूमिका-खेळ आणि नाचा हे दूरचे नातलगच म्हणावे लागतील. या नाटकात ज्योतिषी नाही. गुरूपुढे चोर थट्टेने प्रतिज्ञा करतो : सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राज्य स्वीकारणार नाही. चोराला असले काय मिळणार, या विश्वासावर केलेला हा विनोद आहे. गुरू त्याला खरे बोलण्याचीही शपथ घालतो. मग एकामागून एक ताट येते, हत्ती येतो, राणी येते आणि प्रत्येक नकार त्याला मृत्यूच्या जवळ नेतो. भाकीत कोणी केलेच नाही. ज्याचे त्यानेच ते खेळात बोलून ठेवले. प्रेक्षक पहिल्या प्रतिज्ञेला खळखळून हसतो, आणि दुसरी खरी ठरू लागली की त्याच्या हसण्यात भय मिसळते. पुढचा प्रत्येक प्रसंग आधीच उघड झालेला असूनही उत्कंठा ओसरत नाही, कारण प्रश्न काय येणार हा नसून चरणदास काय म्हणणार हा आहे.

मराठीत मात्र ज्योतिषी प्रत्यक्ष सोंग होऊन आला आहे. एकनाथांच्या (१५३३–१५९९) भारुडांत जोशी आहे, पिंगळा आहे, पांगुळ आहे, वासुदेव आहे. दारोदार भविष्य सांगत हिंडणाऱ्यांची भाषा, त्यांची हाक, त्यांचा रोख नाथांनी नेमका उचलला आणि त्यातून परमार्थ सांगितला. भारुडातला जोशी जे भविष्य सांगतो ते वस्तुतः भविष्य नसतेच. असे वागलात तर असे होईल, ही ती वर्तमानाची तपासणी असते. श्रोत्यांनाही हे ठाऊक असते. कीर्तनात सोंग उभे राहिले म्हणजे कोणी त्याच्यापुढे तळहात करीत नाही. ‘जणू’ या शब्दाचा करार दोन्ही बाजूंनी पाळला जातो, आणि त्या कराराच्या आधारावरच जोश्याला एरवी बोलता न येणारे कठोर शब्द बोलता येतात.

तंजावरला या सोंगाने वेगळेच वळण घेतले. तमिळ परंपरेत कुरवंजी हा नाट्यप्रकार प्रसिद्ध आहे. डोंगरातली कुरवर जमातीची स्त्री येते, विरहिणी नायिकेचा हात पाहते आणि प्रियकर मिळेल असे सांगते. भविष्य सांगण्यापूर्वी ती आपल्या डोंगराचे, आपण हिंडलेल्या देशांचे वर्णन करते. दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द १७९८–१८३२) ‘देवेंद्र कोरवंजी’ हे नाटक मराठीत रचले, आणि त्यातल्या कोरवंजीच्या तोंडी पदांमधून जगाचा भूगोल घातला. कल्पना मोठी चतुर आहे. खंडे, देश, नद्या यांची माहिती सांगावयास अधिकारी कोण? जी सर्वत्र हिंडली आहे ती. हात पाहणारीच्या ज्ञानाचा उगम तिच्या भटकण्यात आहे, हे राजाने ओळखले होते. मराठी नाट्येतिहासात या कृतीला जेवढी जागा मिळावयास हवी तेवढी मिळालेली नाही.

खेळाबाहेरच्या कौलाचे नियम निराळे आहेत हे विसरून चालत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्याच संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. अठरा धान्ये वर्तुळात मांडतात, मध्ये मातीच्या चार ढेकळांवर घागर ठेवतात. ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, सुपारी म्हणजे राजा, पुरी म्हणजे पृथ्वी. रात्रभरात कोणते धान्य हलले, कोठले ढेकूळ भिजले, हे पहाटे पाहून पाऊस-पिकाचे अंदाज सांगितले जातात. प्रत्येक जागेस अर्थ नेमून दिलेला असणे हे पत्त्यांच्या मांडणीसारखेच आहे. पण येथे पावसाळा कोणा खेळचालकाच्या स्वाधीन नाही. त्या अंदाजावर कोणी पेरा ठरवला आणि पाऊस आला नाही, तर पुन्हा पाने पिसून डाव मांडता येत नाही. अक्तीच्या पुतरा-पुतरीबाबतही हेच. त्यांचे लग्न लावणे हा खेळ निष्पाप आहे. परंतु मुहूर्त पाहण्याची गरज नसलेल्या याच दिवशी लहान मुला-मुलींची खरी लग्ने लावण्याचीही रीत राहिली. १९२९ च्या व त्यानंतर २००६ च्या कायद्याला जी प्रथा मोडावयाची होती, तिचा हा ठरलेला दिवस, आणि अजूनही या सणाच्या सुमारास सरकारी यंत्रणेला गावोगाव लक्ष ठेवावे लागते. मातीच्या बाहुलीला जे ‘जणू’ लागू होते ते दहा वर्षांच्या मुलीला लागू होत नाही. लहान प्रमाणावर करून पाहण्याची रीत जेथे संपते तेथे खेळही संपतो, आणि ती सीमा खेळणाऱ्यांना नेहमी दिसतेच असे नाही.

आणखी एक सीमा भविष्य सांगणाऱ्याच्या सोंगातच आहे. ‘रेव्हनलॉफ्ट’मधली पत्तेवाली ज्या काल्पनिक भटक्या लोकांतली आहे, ते युरोपातील रोमा लोकांच्या प्रचलित व्यंगचित्रावरून घडवलेले होते. यावर टीका झाल्यावर प्रकाशकांनी २०२० साली ती वर्णने सुधारली. हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. नाथांनी ज्यांचे सोंग घेतले ते कुडमुडे जोशी, मेढंगी जोशी, वासुदेव, पांगुळ आज महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत. गावाने त्यांचे भाकीत ऐकावे, पसाभर धान्य द्यावे, आणि मुक्कामाला मात्र गावाबाहेर ठेवावे, असा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालला. नाथांच्या सोंगात त्यांच्याविषयी हेटाळणी नाही. सरफोजी राजांच्या कोरवंजीत तर आदरच आहे. तरीही दोन्हीकडे बोलतो तो सोंग घेणारा. ज्याचे सोंग घेतले तो स्वतः काय म्हणतो, हे ऐकावयास फार काळ जावा लागला. कुरवरांशी ज्यांचे नाते मानववंशशास्त्रज्ञ सांगतात त्या कैकाडी समाजातील लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली प्रसिद्ध झाले, व पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात देशोदेशींचे वर्णन नाही आणि कोणाचा हातही पाहिलेला नाही. त्यात फोकांच्या पाट्या विणणारी माणसे आहेत, गाढवांवर लादलेला संसार आहे, आणि प्रत्येक नव्या गावात पुन्हा नव्याने गाठावयाची शाळा आहे.